पगार बघून पदवीला अनुदान? कोल्हापुरातल्या पालकांचे आणि पोरांचे नेहमीचे प्रश्न

मी कोल्हापुरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. बारावीचा निकाल लागला की जून संपेपर्यंत संध्याकाळी बिंदू चौकाजवळच्या एका वाचनालयात टेबल टाकून बसतो. कुठल्या कोर्सला जायचं, फॉर्म कसा भरायचा, कुठला दाखला कमी आहे, असले प्रश्न तिथे येतात. फी घेत नाही, चहा मात्र पाजावा लागतो. सध्या या टेबलावर एक नवाच प्रश्न येतोय: "सर, ज्या डिग्रीला पगार कमी, ती सरकार बंद करणार म्हणे?" तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकली.

कमी पगाराच्या पदव्यांचं अनुदान महाराष्ट्रात बंद होणार आहे का?

आज असा कुठलाही नियम महाराष्ट्रात नाही. बी.ए.ला नाव घातलेल्या पोरीला या बातमीपायी रडवू नका.

मग मोबाईलवर फिरतंय ते काय आहे?

ती बातमी अमेरिकेची आहे. ४ जुलै २०२५ रोजी तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एका भल्यामोठ्या कायद्यावर सही केली, त्यात उच्च शिक्षणाचं एक कलम आहे. तिथे विद्यार्थी केंद्र सरकारकडून शैक्षणिक कर्ज घेतात, आणि कॉलेजांचा संसार बराचसा त्या कर्जावर चालतो. नव्या कलमानुसार एखादी पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची चार वर्षांनंतरची कमाई बघायची. त्यांच्यातल्या मधल्या माणसाची कमाई त्याच राज्यातल्या, फक्त शाळा संपवून कामाला लागलेल्या २५ ते ३४ वयाच्या मधल्या माणसापेक्षा कमी भरली, आणि असं तीनपैकी दोन वर्षं झालं, तर त्या अभ्यासक्रमाला सरकारी कर्ज बंद. पदव्युत्तरसाठी तुलना पदवीधरांशी. अंमल १ जुलै २०२६ पासून.

थोडक्यात, 'तुमच्याकडे शिकून पोरगं न शिकलेल्याएवढंही कमवत नसेल, तर आमचं कर्ज तुमच्याकडे येणार नाही.' ऐकायला रास्त वाटतं, आणि बरंचसं आहेही. या कल्पनेची तिथली खटपट जुनी आहे. ओबामांच्या काळात २०१४ साली एक नियम आला, नोकरीसाठीचे कोर्स चालवणाऱ्या खाजगी कॉलेजांवर त्याचा मुख्य रोख होता. २०१९ मध्ये तो रद्द झाला, २०२३ मध्ये नव्या रूपात परत आला. सरकार बदललं की नियम बदलतो हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही.

आपल्याकडे कॉलेजला सरकारचा पैसा नेमका कुठून येतो?

हे समजल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून दोन मिनिटं द्या.

पैसा मुख्यतः दोन नळांनी येतो. पहिला नळ पगाराचा. अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदावर असलेल्या प्राध्यापकाचा आणि शिपायाचा पगार शासन देतं. माझाही त्यातूनच होतो, तेव्हा माझं मत त्या मापाने घ्या. हा पैसा मंजूर पदांवर ठरतो, पदं ठरतात कार्यभारावर आणि विद्यार्थिसंख्येवर. बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे काय कमावतो याचा इथे कुठेच संबंध नाही. अशा ठिकाणी बी.ए., बी.कॉम.ची फी काही हजारांत भागते.

दुसरा नळ फीच्या परताव्याचा. हा विद्यार्थ्यामागून चालतो आणि विनाअनुदानित कॉलेजांतही पोचतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भाग शासन भरतं. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेत आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अनुसूचित जाती-जमातींच्या योजना वेगळ्या. हे सगळं महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरून. ते पोर्टल ऐन वेळी बसतं, यावर स्वतंत्र पान लिहावं लागेल.

लक्षात ठेवा, पहिल्या नळाचं पाणी बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञानाला जातं. दुसऱ्याचा मोठा भाग इंजिनिअरिंग, फार्मसी, मॅनेजमेंटकडे वळतो. या दुसऱ्या नळाकडे मी शेवटी परत येणार आहे.

म्हणजे आपल्याकडे पगाराचा विचार होतच नाही?

होतो, पण मागच्या दाराने. २०१६ पासून दरवर्षी केंद्राची एनआयआरएफ नावाची कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी येते. तिच्यात पदवीनंतरच्या निकालांना मोठं वजन आहे, आणि इंजिनिअरिंग-मॅनेजमेंटच्या गटांत विद्यार्थ्यांचा मध्यक, म्हणजे मधल्या पोराचा, पगारही मोजला जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तिच्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या पोराला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत मिळते. मात्र कॉलेज यादीत असावं लागतं, आणि ती यादी मुख्यतः याच क्रमवारीतून बनते. आता साखळी जोडा. पगार, त्यावरून क्रमांक, त्यावरून यादी, आणि यादीवरून व्याजाची सवलत. अनुदान म्हणत नसले तरी पैसा पगाराकडे बघूनच वळलेला आहे.

सरकारने पैसा घालायचा आणि पोरगं पोटाला लागलं का हे विचारायचंही नाही? हे कुठलं शहाणपण?

हा प्रश्न मला चिडून विचारला गेला होता, आणि विचारणाऱ्याचं चुकलं नव्हतं.

भुदरगड तालुक्यातल्या एका वाडीवरचे गृहस्थ होते. प्लास्टिकच्या पिशवीत पोराच्या सगळ्या मार्कलिस्टा, वर रबर. बी.एस्सी. झालेला थोरला घरी बसलेला, धाकट्याला कुठे घालायचा म्हणून आलेले. मी कोर्सची नावं सांगायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाले, "सर, नाव नको. ह्यातनं बाहेर पडलेली पोरं आता कुठं हायत, तेवढं सांगा." मला सांगता आलं नाही. पंचवीसेक वर्षं शिकवतोय, शेकडो पोरं हाताखालून गेली. त्यातली किती पतसंस्थेत, किती पुण्यात, किती गावाकडे, याचा कागद ना माझ्याकडे, ना माझ्या कॉलेजकडे. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जाच्या तपासणीच्या वेळी आम्ही माजी विद्यार्थ्यांची माहिती गोळा करतो. ती कशी गोळा होते हे आत बसलेल्यांना ठाऊक आहे: ज्याचा फोन लागतो आणि जो बऱ्या नोकरीत आहे, तो कागदावर येतो.

तेव्हा पदवीनंतरची कमाई मोजून ती लोकांपुढे ठेवण्याला माझा शंभर टक्के पाठिंबा. तो आकडा बघून कात्री चालवायची म्हटलं की मी जरा थांबतो. का थांबतो, ते पुढच्या उत्तरांत येईल.

'मध्यक पगार' म्हणजे सरासरीच ना?

नाही. मध्यक म्हणजे सगळ्यांना कमाईच्या क्रमाने रांगेत उभं केलं तर बरोबर मधे उभा राहणारा. शाळेच्या गणितातलाच आहे, परीक्षेनंतर विसरलेला.

समजावण्यासाठी एक वर्ग धरू. बी.कॉम. होऊन चार वर्षं झालेले नऊ जण. (आकडे माझ्या मनचे, माणसं ओळखीची वाटतील.) एक एमपीएससीच्या अभ्यासाला बसलाय, कमाई शून्य. एक मोबाईलच्या दुकानात, ९,०००. एक सीएच्या ऑफिसात, ११,०००. एक पतसंस्थेत क्लार्क, १२,०००. एक गुजरीतल्या सराफाकडे हिशेबाला, १४,०००. एक शिरोलीच्या कारखान्यात स्टोअरला, १८,०००. एक गोकुळ शिरगावला अकाउंट्समध्ये, २४,०००. एक पुण्यात, ३२,०००. आणि एक सीए झालेली, ८५,०००.

मध्यक किती? सराफाकडचा, १४,०००. सरासरी? २२,८०० च्या आसपास, कारण एकटी सीए सगळ्यांना वर ओढते. एमपीएससीवाल्याला 'तो नोकरीत नाही' म्हणून वगळलं तर आठ उरतात आणि मध्यक होतो १६,०००. वर्ग तोच, पोरं तीच, आकडे तीन. आता सरकारने रेष १५,००० वर मारली असं समजा. या वर्गाचं अनुदान राहील की जाईल, हे त्या एका एमपीएससीवाल्याला मोजलं की नाही यावर ठरतं. तो अजून अभ्यासिकेत बसलाय, त्याला याचा पत्ताही नाही.

पण सरकारकडे पीएफ आहे, पॅन आहे, आधार आहे. खरा आकडा काढणं काय अवघड?

मलाही असंच वाटायचं. वरच्याच नऊ जणांना धरून बघा.

पीएफचा कायदा साधारण २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला लागतो. मोबाईलचं दुकान, सीएचं ऑफिस, सराफाची पेढी तिथे दिसणारच नाही. जे दिसतील त्यांचंही सगळं दिसत नाही. पीएफ सक्तीचा आहे तो महिना १५,००० च्या वेतनापर्यंत, म्हणून बऱ्याच कंपन्या वर कितीही पगार असो, कपात १५,००० वरच करतात. शिरोलीचा, गोकुळ शिरगावचा आणि पुण्याचा असे तिघेही कागदावर सारखेच दिसायचे.

आयकराकडून काढायचं तर तिथे आणखी मजा. या जिल्ह्यात पदवी घेऊन ऊस करणारे हजारोंनी आहेत. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे चार एकर ऊस आणि गुऱ्हाळ सांभाळणारा पदवीधर कागदावर भिकारी आणि कारखान्याच्या गेटवर मालक. हुपरीला चांदीच्या कामात घरच्या घरी राबणारा, इचलकरंजीत बापाचे माग चालवणारा, घरची म्हशींची डेअरी वाढवणारा, यांची कमाई 'पगार' या रकान्यात बसत नाही. अमेरिकेत बहुतेक लोक कर विवरणपत्र भरतात, म्हणून तिथे हे गणित निदान मांडता येतं. आपल्याकडे नोकरदार तेवढा दिसतो, धंदेवाला अंधारात. आणि कोल्हापूर तर धंदेवाल्यांचं गाव.

एम.ए. झालेल्यांना पगार कमी मिळतो हे तर खरं आहे ना?

खरं आहे. पण तो का कमी आहे ते बघा.

मराठी, इतिहास, अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्या हुशार पोराचा सरळ रस्ता कुठला? नेट-सेट काढायची आणि प्राध्यापक व्हायचं. मंजूर जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. त्या जागेवरचं काम मात्र थांबत नाही. ते करतात तासिका तत्त्वावरचे, ज्यांना आम्ही सगळे सीएचबीवाले म्हणतो. माझ्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बसतात. नेट आहे, पीएच.डी. आहे, माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात हे पोरं मला तोंडावर सांगतात. तासाप्रमाणे पैसे, ते महिनोन् महिने उशिरा, मे महिन्यात काहीच नाही. दुपारी तास संपले की डबा खाऊन गाडी काढतात आणि दुसऱ्या कॉलेजात जातात, तिथेही तासिकाच. काम माझंच करतात, आणि माझ्या पगाराच्या चौथाईलाही पोचत नाहीत.

आता पगारावर अनुदान ठरवायचं म्हटलं तर यांचा आकडा कुठे धरला जाईल? एम.ए.च्या रकान्यात. 'या अभ्यासक्रमातून बाहेर पडलेल्यांना कमी पगार मिळतो', असा शेरा पडेल. पद शासनाने भरलं नाही, पगार शासनाने ठरवला, आणि कमी पगाराचं खापर इतिहासाच्या विभागावर. सासूनेच जेवायला कमी वाढायचं आणि सून वाळली म्हणून माहेराला नावं ठेवायची, त्यातला प्रकार. बी.एड., ग्रंथालयशास्त्र, शारीरिक शिक्षण, समाजकार्य, या सगळ्यांत मालक मुख्यतः शासन किंवा शासनाच्या पैशावर चालणारी संस्था आहे. तिथला पगार हा अभ्यासक्रमाच्या दर्जाचा पुरावा म्हणून कसा धरायचा?

दुसरी गोष्ट वेळेची. पहाटे साडेपाचला विद्यापीठाकडच्या रस्त्याला गेलात तर पोलीस भरतीसाठी पळणारी पोरंपोरी दिसतील. त्यांत कितीतरी पदवीधर. भरती निघायला वर्षं लागतात, परीक्षा पुढे ढकलल्या जातात, निकाल कोर्टात अडकतात. चौथ्या वर्षी मोजलं तर हातात शून्य, सातव्या वर्षी मोजलं तर सरकारी नोकरी. माप कधी लावलं, त्यावर आकडा.

मुलींच्या बाबतीत हे कसं लागू होईल?

वाईट. अमेरिकेच्या हिशेबात जे कामाला नाहीत त्यांना धरत नाहीत. आपल्याकडे पदवी झाल्या झाल्या लग्न आणि मग घर, असं अजूनही कितीतरी मुलींचं होतं. त्यांना शून्य धरलं तर महिला महाविद्यालयं पहिल्या फेरीतच गळतील. नाही धरलं तर साठ मुलींच्या वर्गाचा आकडा नोकरी करणाऱ्या बारा जणींवर ठरेल.

दुसऱ्या देशांनी काय केलं, आणि त्यांना जमलं का?

सगळ्यांनी एकाच वाटेने जायचं ठरवलेलं नाही.

ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून उलटी गंमत केली. 'नोकरीला उपयोगी' विषयांची फी कमी केली आणि इतिहास, समाजशास्त्रासारख्या विषयांची फी दुपटीहून वाढवली, जवळजवळ १४,५०० डॉलर वर्षाला. पोरं नर्सिंग-शिक्षणशास्त्राकडे लोंढ्याने वळतील अशी अपेक्षा होती. तसं काही झालं नाही. २०२४ मध्ये तिथल्याच सरकारने नेमलेल्या समितीने ही फी-रचना बदला म्हणून सांगितलं. ज्याला इतिहासच शिकायचा त्याने इतिहासच घेतला, फक्त जास्त कर्ज काढून. तिथे फी पगारातून नंतर फेडायची असते, म्हणून अठराव्या वर्षी ती टोचत नाही.

इंग्लंडमध्ये शिक्षणाच्या नोंदी करखात्याच्या नोंदींना जोडल्या आहेत. कुठल्या विषयाचा पदवीधर काय कमावतो हे तिथे बघता येतं. शिवाय २०२२ पासून तिथल्या नियामकाने किमान रेषा आखल्या: पूर्णवेळ पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी निदान ६० टक्के व्यावसायिक दर्जाच्या कामात किंवा पुढच्या शिक्षणात गेले पाहिजेत. इथे पगाराऐवजी काम कुठल्या दर्जाचं ते बघतात. मला हे माप त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटतं. नर्सचा पगार कमी असला तरी ती नर्स आहे, हे त्यात मोजलं जातं.

आणि टेक्सासमधलं एक उदाहरण मला फार आवडतं. तिथे राज्याचं एक तांत्रिक कॉलेज आहे, आपल्याकडच्या आयटीआय-पॉलिटेक्निकसारखं. त्याचं शिकवण्याचं अनुदान विद्यार्थी वर्गात किती तास बसला यावर ठरायचं. गेली दहाबारा वर्षं ते पोरांनी पुढे किमान वेतनाच्या वर किती कमावलं यावर ठरतं. मूळ कल्पना अशी, की वरच्या कमाईतून राज्याच्या तिजोरीत जी भर पडली, तिचा वाटा कॉलेजला. यात खुबी ही की कॉलेजने स्वतःहून हे मागून घेतलं, आणि कोर्स असे की वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊन माणूस थेट त्याच कामाला लागतो. शिकवणं आणि कमाई यांतलं अंतर तिथे कमी. बी.ए.त ते अंतर कोल्हापूर ते मुंबई एवढं.

उद्यमनगरात आयटीआयवाला पोरगा पदवीधरापेक्षा जास्त कमावतो. मग डिग्री कशाला?

काही वेळा खरंच कशाला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पट्ट्यात चांगला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर मिळत नाही म्हणून मालक रडतात. टर्नर-फिटर झालेला बावीस वर्षांचा पोरगा ओव्हरटाइम धरून माझ्या बी.कॉम.वाल्याच्या पुढे असतो. पण बाविसाव्या वर्षी पुढे असलेला बेचाळिसाव्या वर्षीही पुढे राहतोच असं नाही. फौंड्रीत भट्टीपुढे उभं राहून काढलेलं वय आणि खुर्चीत काढलेलं वय वेगळं. सरकारने चौथ्याच वर्षी माप लावलं तर आयटीआय जिंकणार आणि बी.एस्सी. हरणार. विसाव्या वर्षी लावलं तर काय, ते कुणी मोजत बसत नाही. पोराचे हात चालत असतील आणि पुस्तक बघून झोप येत असेल, तर आयटीआयला घाला आणि पाहुण्यांना अभिमानाने सांगा.

शाहू महाराजांच्या गावात शिक्षणाला पगाराचं माप लावणं शोभतं का?

महाराजांचं नाव दोन्ही बाजूंनी वापरलं जातं. म्हणून ते काय करून गेले ते आधी बघू. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं, म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं, उभी केली: मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम आणि इतर. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड.

पण ते शिक्षणासाठी शिक्षण म्हणणारे भाबडे राजे नव्हते. कोण शिकतंय एवढंच बघून ते थांबले नाहीत; शिकलेला कुठे पोचतोय तेही बघितलं. कारभारात मागासवर्गीय दिसत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं, आणि २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. शिकलेल्याला काम मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी हात घातला तो नोकरीच्या बाजूला. बोर्डिंगचं धान्य तोडलं नाही.

याच जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा व शिका' रुजवलं. तिथेही कमाई आणि शिक्षण एकत्र होतं, फक्त क्रम वेगळा: आधी कमवा, मग त्या कमाईवर शिका.

शहरातली कॉलेजं तग धरतील, ग्रामीण कॉलेजांचं काय?

हीच खरी भीती. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडकडच्या कॉलेजात शिकलेली पोरगी गावाजवळच काम शोधते, कारण रोज एसटीने जाऊन-येऊन जेवढं जमेल तेवढंच घर मान्य करतं. तिचा पगार तालुक्याच्या बाजारपेठेचा असतो. तोच अभ्यासक्रम शिकलेली शहरातली मुलगी पुण्याला जाते. शुक्रवारी रात्री तावडे हॉटेलजवळ ट्रॅव्हल्समधून उतरणारी पोरं मोजा, शिवाजी विद्यापीठाच्या पदव्यांची कमाई कुठे होते ते कळेल. आणि एकदा अनुदान पगाराला बांधलं, की कुठलंही चलाख कॉलेज काय करेल? ज्यांचा बाप नोकरीत, ज्यांचं इंग्रजी बरं, ज्यांचे पाहुणे पुण्यात, अशीच पोरं निवडून घेईल. घरातली पहिली पदवीधर दारातूनच परत.

तुमचं स्वतःचं म्हणणं काय? लावायचंच माप, तर कुठे लावायचं?

दुसऱ्या, म्हणजे फीच्या परताव्याच्या नळाला.

बी.ए.च्या तुकडीला शासन जे देतं त्यातून विद्यार्थ्यावर कर्जाचा बोजा पडत नाही. फसला तरी त्याची तीन वर्षं जातात, घर जात नाही. लाखाच्या घरात फी असलेल्या विनाअनुदानित व्यावसायिक कोर्सचं तसं नाही. तिथे फी ठरवायला शुल्क नियामक प्राधिकरण आहे, पण ते बघतं कॉलेजचा खर्च. एवढी फी देऊन बाहेर पडलेल्याला काय मिळतं, हा प्रश्न फी ठरवताना येत नाही. अर्धी किंवा पूर्ण फी शासन भरणार, उरलेल्यासाठी बाप सोसायटीचं कर्ज काढणार, आणि चार वर्षांनी पोरगा बारा हजारांवर. इथे माप लावा. फी आणि कमाई यांचं प्रमाण बघा. अमेरिकेच्या जुन्या नियमात कर्जाचा वार्षिक हप्ता कमाईच्या ८ टक्क्यांच्या वर जाता कामा नये अशी एक कसोटी होती, तसं काही. तीन वर्षं सलग नापास होणाऱ्या कोर्सला नव्या प्रवेशांचा परतावा थांबवा, आत असलेल्यांना हात लावू नका.

अनुदानित बाजूला मात्र फक्त आकडे छापा. तेही जिल्ह्याच्या मजुरीशी तुलना करून, मुलंमुली वेगळी दाखवून, आणि दहाबारा जणांचा विभाग असेल तर पाच वर्षं एकत्र करून. माझ्या कॉलेजचा आकडा वाईट निघाला तरी छापा. भुदरगडच्या त्या गृहस्थांना मला काहीतरी दाखवायचं आहे.

प्लेसमेंटच्या जाहिरातीत काय बघावं?

चौकातल्या फ्लेक्सवर 'हायेस्ट पॅकेज' असतं. ते एका पोराचं असतं, आणि ते पोरगं कुठल्याही कॉलेजात गेलं असतं तरी तिथेच पोचलं असतं. तुम्ही कॉलेजात जा आणि हे विचारा: शेवटच्या वर्षाला किती होते, त्यातले किती लागले? मधल्या पोराला किती मिळाले? ऑफर लेटर किती आणि प्रत्यक्ष रुजू किती? पॅकेजमधलं हातात किती येतं? कारण त्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, 'परफॉर्मन्स'चे पैसे सगळं कोंबलेलं असतं. बाँड आहे का? एका वर्षाने किती टिकले?

माझ्या भाच्याचा फोटो त्याच्या कॉलेजच्या फ्लेक्सवर वर्षभर झळकत होता. खाली पॅकेज लिहिलेलं. कंपनीने रुजू होण्याची तारीख तीनदा पुढे ढकलली आणि अकरा महिन्यांनी ऑफरच मागे घेतली. त्या अकरा महिन्यांत तो मामाच्या, म्हणजे माझ्या घरी क्लासच्या पोरांच्या वह्या तपासत बसला होता. फ्लेक्स मात्र पावसाने फाटेपर्यंत खाली उतरला नाही.

मग कलेला जाऊ की नको?

आवडत असेल तर जा. दुसरीकडे नंबर लागला नाही म्हणून जाऊ नकोस.

टेबलावर येताना काय आणायचं?

दहावी-बारावीची गुणपत्रकं, आधार, डोमिसाइल, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर. बँकखातं आधारला जोडलेलं असावं, नाहीतर परतावा अडकतो. मूळ कागद पिशवीत ठेवा, मला झेरॉक्स द्या. पोराला बरोबर आणा. गेल्या जूनमध्ये चार बाप एकटेच आले होते, आणि चौघांनाही मी पोराला घेऊन या म्हणून परत पाठवलं.